दोनच जेवणं, पण ताट भरगच्च: कोल्हापुरी स्वयंपाकघरातलं इंटरमिटंट फास्टिंग

गेल्या मार्गशीर्षात मी सोळा-आठ सुरू केलं, म्हणजे सोळा तास उपास आणि आठ तासांत खाणं. रात्री आठपर्यंत जेवण उरकायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत पाण्यावर राहायचं. उपाशी राहणं जमेल का, एवढीच धास्ती होती. ते चार दिवसांत जमलं. सोमवार, चतुर्थी, नवरात्र करून आपल्याकडच्या बायकांचं पोट तयारच असतं. घोळ झाला भलतीकडेच. महिनाभरात पोट साफ होईना, दुपारी चारला डोकं जड व्हायला लागलं, संध्याकाळी घरातल्यांवर खेकसणं सुरू झालं. डॉक्टरांनी गोळी लिहायच्या आधी विचारलं, "काल काय जेवलात? आणि परवा?" सांगता सांगता माझं मलाच कळलं. दीडला भाकरी-पिठलं, साडेसातला आमटी-भात. परवा तेच, तेरवा तेच.

पूर्वी सकाळी पोहे नाहीतर उप्पीट व्हायचं, अकराला ऑफिसात कुणीतरी पेरू कापायचं, डब्यात दोन भाज्या असायच्या, चारला शेंगदाणे-चिरमुरे, रात्री उसळ. काही न ठरवता दिवसाला दहा-बारा जिन्नस पोटात जायचे. खाण्याच्या वेळा दोनावर आल्या आणि हे सगळं न सांगता गळून गेलं. म्हणून आता ते मुद्दाम ताटात आणावं लागतं. कसं, ते मी वर्षभर चुका करत शिकले. तेच इथे लिहिते आहे.

आधी कुणी या वाटेला जाऊ नये ते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढत्या वयाची मुलं, आधीच वजन कमी असलेले, खाण्याशी कधी मानसिक झगडा झालेला, अशांनी हे करू नये. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही नको, कारण गोळी पोटात आणि जेवण नाही, अशा वेळी साखर धोकादायक खाली जाते. रक्तदाबाच्या, मूत्रपिंडाच्या रुग्णांनीही आधी विचारावं.

वेळेकडून किती अपेक्षा ठेवायची

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवलेली दोन वेळा, ५५ मिनिटांत जेवायची पद्धत आपल्या गल्लीत दोघं-चौघं तरी करून बसलेले असतात. सोळा-आठ तिची चुलत बहीण म्हणा. पण घड्याळात जादू आहे असं समजून बसू नका. २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझू शहरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १३९ लठ्ठ माणसं, वर्षभर. सगळ्यांनाच उष्मांक मोजून दिले होते. निम्म्यांनी सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायचं, बाकीच्यांना वेळेचं बंधन नव्हतं. वजन दोन्हीकडे उतरलं, आणि दोन्हींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. वेळ पाळल्याने येता-जाता तोंडात टाकणं थांबतं. माझ्या मते मोठा फायदा तोच.

अमेरिकेतला २०२० चा अभ्यास मला जास्त टोचला. ११६ माणसं, १२ आठवडे, खाणं दुपारी बारा ते रात्री आठ, आणि काय खायचं त्यावर काहीच बंधन नाही. वजन नावापुरतं उतरलं. ज्यांची शरीराची मापं प्रत्यक्ष घेतली त्यांच्यात उतरलेल्या वजनात चरबीपेक्षा स्नायूंसारख्या कामाच्या भागाचाच वाटा मोठा निघाला. म्हणजे ताटात प्रथिनं नसतील तर काट्यावरचा आकडा बघून खूश व्हायचं आणि आतून मात्र झिजायचं, अशी गत.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं लिहा

उपास लगेच सुरू करू नका. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात दिवसभर जे खाल्लं ते पेन्सिलीने लिहा. वजन नको, उष्मांक नकोत, नुसती नावं. आठवड्याच्या शेवटी धान्य, डाळ-कडधान्य, पालेभाजी, फळभाजी, फळ, दूध-दही-ताक, शेंगदाणे-तिळासारख्या तेलबिया आणि खात असाल तर अंडी-मासे-मटण, अशा गटांखाली ती वाटा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना दिवसात किमान आठ अन्नगट असावेत असं सांगतात. माझ्या कॅलेंडरवर त्या भाकरी-पिठल्याच्या महिन्यात चार भरले. पाचवा म्हणून मी चहातलं दूध मोजलं होतं.

दुसरी पायरी: वेळ घरावरून ठरवा

मोबाइलमधल्या ॲपने दिलेली वेळ घरात चालेलच असं नाही. आमच्याकडे सासूबाई साताला जेवतात, हे दुकान बंद करून साडेनवाला येतात, थोरला तालमीतून आला की दिसेल ते खातो. मी दुपारी बारा ते रात्री आठ धरलं होतं. त्यात दुपारचा डबा दीडला, म्हणजे खरं तर दीड ते आठ. साडेसहा तासांत दोन पूर्ण ताटं पोटात जाईनात आणि रात्रीचं जेवण अर्ध्यावर सुटायचं. आता मी साडेनऊ ते साडेसात खाते. म्हणजे चौदा-दहा. सकाळी ऑफिसला निघायच्या आधी नीट जेवण, दुपारी हलकं काहीतरी, संध्याकाळी सासूबाईंच्या पंगतीला बसून दुसरं जेवण. यांचं ताट झाकून ठेवते. एकत्र जेवण रविवारी दुपारी.

नव्याने करणाऱ्यांनी पहिले दोन आठवडे बारा-बारा करावं. रात्री आठ ते सकाळी आठ. मग दर आठवड्याला अर्धा-अर्धा तास वाढवत चौदावर यावं आणि तिथे महिनाभर राहावं. सोळावर जायचंच असा नियम नाही. ताट भरत नसेल तर तास कमी करा. दिवसाला एकच जेवण करणारेही मला भेटले आहेत, पण दिवसाचं सगळं पोषण एका बैठकीत घेऊन दाखवणारं कुणी भेटलं नाही.

उपाशी तासांत पाणी भरपूर. बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा किंवा काळी कॉफी चालते. पित्ताचा त्रास असेल तर रिकाम्या पोटी तीही नको. दूध-साखरेचा अर्धा कपसुद्धा खाण्यातच धरायचा. थोरला पहाटे व्यायाम करून गंगावेशीत समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन येतो आणि वर मला म्हणतो, "आई, दूध म्हणजे काय खाणं नव्हे." मोठा पेला दूध म्हणजे एक छोटं जेवणच. उकळून प्या, खाण्याच्या वेळेत प्या, एवढंच त्याला सांगते. तो ऐकत नाही.

चहावरून एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, ती मला फार उशिरा कळली. सकाळचा चहा बंद झाला की तो जाऊन जेवणाच्या मांडीवर बसतो. साडेनऊला जेवण, पावणेदहाला चहा. चहातली टॅनिनं भाकरी, पालेभाजी आणि कडधान्यातलं लोह अंगी लागू देत नाहीत. आधीच जेवणं दोन, त्यांतलं लोहही वाया. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा, आणि जेवताना लिंबू पिळा. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने उलट लोह शोषायला मदत होते. बायकांनी तर हे लिहून फ्रिजवर चिकटवावं.

तिसरी पायरी: उपास सोडताना

चौदा-सोळा तासांनी पोट रिकामं असतं आणि मन मिसळीकडे धावतं. मिसळ चांगलीच, तिच्यातली मोडाची मटकी ही खरी कामाची गोष्ट. पण रिकाम्या पोटावर झणझणीत कट म्हणजे पित्ताला आवतण. मी ताकाने सोडते. पेलाभर ताक, चिमूट मीठ, जिरेपूड. उन्हाळ्यात आंबील: नाचणीचं पीठ रात्री पाण्यात कालवून झाकून ठेवायचं, सकाळी आंबूस वास आला की शिजवून घ्यायचं, गार झाल्यावर ताक आणि ठेचलेला लसूण घालायचा. पावसाळ्यात-थंडीत हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, गरम माडगं. असलं काहीतरी पोटात गेल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि मग जेवायला बसा. भुकेचा कडेलोट उतरतो, माणूस ताटाकडे शहाण्यासारखं बघतो. खर्डा आणि ठेचा मधल्या घासांना, पहिल्या घासाला नाही.

मिसळ खायचीच झाली, आणि कोल्हापुरात ती टळत नाही, तर ते त्या दिवसाचं पहिलं जेवणच धरा. ताक पिऊन जा. मटकी जास्त मागा, फरसाण निम्मं, कट बाजूच्या वाटीत घेऊन लागेल तसा घाला, ब्रेडच्या दोन स्लाइसवर थांबा, कांदा-लिंबू मनसोक्त. त्या दिवशी संध्याकाळी पालेभाजी आणि दही नक्की.

चौथी पायरी: ताट एकदा तरी मोजा

मोजमापाची मलाही चीड आहे. तरी एक दिवस काटा काढून बसाच. पोषण संस्थेच्या दिवसाच्या ताटात, साधारण २,००० उष्मांकांच्या हिशोबाने, धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दूध ३०० मिली, तेलबिया-सुका मेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम येतं. सगळी वजनं कच्ची. मांसाहारी माणूस डाळीचा काही भाग अंडी-मटणातून घेऊ शकतो. वजन उतरवायचं असेल तर धान्य आणि तेल थोडं कमी करा, पण भाजी, डाळ, दूध यांना हात लावू नका.

४०० ग्रॅम भाजी दोन जेवणांत म्हणजे एका वेळी २०० ग्रॅम. पहिल्यांदा मी २०० ग्रॅम मेथी निवडून ठेवली तर परात भरली. शिजून ती वाटीभर झाली ते सोडा, पण एका भाजीवर हे भागत नाही हे तिथेच कळलं. म्हणून एका जेवणात तीन रूपं: एक शिजवलेली भाजी, एक कच्ची कोशिंबीर, आणि आमटीत ढकललेलं माळवं. आमटीत शेवग्याच्या शेंगा, दुधी, दोडका, मुळ्याच्या चकत्या, काहीही. सासूबाई याला "खिचडा" म्हणतात, पण वाटी चाटूनपुसून ठेवतात.

आता प्रथिनं. सशक्त प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, हे आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) प्रमाण. ६० किलोच्या माणसाला झाले ५० ग्रॅम. शाकाहारी ताटातून हे कुठून येतात बघा: २५० ग्रॅम ज्वारीतून सुमारे २५, ८५ ग्रॅम डाळ-कडधान्यातून १९-२०, ३०० मिली म्हशीच्या दुधातून किंवा तेवढ्या दुधाच्या दह्यातून ११-१२, मूठभर शेंगदाण्यांतून ८. साठाच्या वर गेले की! पण गंमत अशी की उपास करणारा माणूस पहिली कात्री भाकरीला लावतो, दुसरी दुधाला, आणि डाळ म्हणून पातळ आमटीचं पाणी पितो. मग हे साठ पंचवीस-तीसवर येतात. भाकरी निम्मी केली असेल तर उसळ दुप्पट करा, किंवा एक-दोन अंडी घ्या; एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. आमटी डावाने नाही, पळीने वरचं पाणी सोडून तळातून वाढा.

ताट डोळ्यासमोर आणायचं असेल तर मला आंबील यात्रेचा नैवेद्य आठवतो. सौंदत्तीच्या यल्लम्मा-रेणुकेची यात्रा झाली की आपल्याकडे ओढ्यावरच्या रेणुकेला आंबिलीचा नैवेद्य जातो. आमच्या घरून जाणाऱ्या नैवेद्यात आंबील, भाकरी, वरणे या कडधान्याची वांगं घालून भाजी, मेथीची भाजी, दहीभात, कांद्याची पात, गाजर, लिंबू आणि केळं असतं. मोजा आता. आंबवलेलं धान्य, दोन-तीन तऱ्हेची धान्यं, कडधान्य, फळभाजी, पालेभाजी, दही, कच्चं माळवं, फळ. आजीच्या आजीने कुठली सूचना वाचली होती? त्या यात्रेच्या दिवशी मी घरी येऊन कॅलेंडरवर लिहिलं तेव्हा पहिल्यांदा चौकोन अपुरा पडला. तेव्हापासून ताट वाढताना मनात विचारते, नैवेद्यातलं आज काय राहिलं?

पाचवी पायरी: फिरतं ठेवा

विविधता म्हणजे रोज सोळा पदार्थ रांधणं असं समजलात तर तिसऱ्या दिवशी सोडून द्याल. माझ्याकडे रोज एकच भाजी आणि एकच उसळ-आमटी होते. फक्त ती कालची नसते.

धान्याचं चक्र सगळ्यांत सोपं, कारण पिठाचे डबे भरलेले असतात. शाळूची (ज्वारीची) भाकरी आठवड्यात तीन दिवस, नाचणीची दोन दिवस, थंडीत बाजरी, एखाद्या दिवशी चपाती, आणि भात रोज मूठभर. नाचणी चंदगड-आजऱ्याकडची मिळाली तर घ्या. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, बाकी कुठलंच रोजचं धान्य त्याच्या जवळपास जात नाही. भातासाठी आजरा घनसाळ घरात असला की पातेल्याचं झाकण उघडताच सगळे येऊन बसतात. एरवी इंद्रायणी. ब्राऊन राइसचा हट्ट मी सोडला. भात कमी, उसळ जास्त, एवढ्यानेही भागतं.

कडधान्याचं चक्र मी भिजवण्यावर बांधलं आहे. फ्रिजच्या दारावर सात नावं आहेत: मटकी, हुलगे, अख्खा मसूर, काळा घेवडा, मूग, हरभरे, वरणे. रात्री झोपायच्या आधी उद्याच्या नावाचं भिजत टाकायचं. मोड आणायचे असतील तर आठ तास भिजवून, पाणी निथळून, ओल्या फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवायचं. उन्हाळ्यात बारा तासांत शेपट्या दिसतात. डिसेंबरात दीड दिवसही लागतो, तेव्हा पुरचुंडी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवते. हुलगे हट्टी, त्यांना जास्तच वेळ द्या. फडकं चिकट लागलं किंवा वास आला तर टाकून द्या, मन घट्ट करून. मोडाने लोह-जस्त जास्त अंगी लागतं, पोटही कमी फुगतं. उपास सोडताना पोटात वारा धरणाऱ्यांनी मूग-मसुरापासून सुरुवात करावी. हरभरे, वरणे नंतर.

अख्खा मसूर तर आपल्या भागाचा लाडका. ढाब्यावर त्याच्यावर तेलाचा तवंग असतो. घरी दोन चमचे तेलात, कांदा-लसूण चटणी घालून तोच होतो. माझ्याकडे गुरुवारी हमखास.

भाजीचं चक्र बाजार ठरवतो. कपिलतीर्थ मंडईत शिरताना माझा एकच नियम: मागच्या वेळी न घेतलेली एक पालेभाजी घ्यायची. मेथी, शेपू, चाकवत, पोकळा, तांदळी, आंबट चुका, लाल माठ, करडई, अंबाडी. आपल्या मंडईसारख्या पालेभाज्या असताना परदेशी पानांच्या पिशव्या कशाला शोधायच्या, मला कळत नाही. पावसाळ्यात राधानगरी-शाहूवाडीकडच्या बायका कुर्डू, टाकळा, भारंगी घेऊन बसतात. तुम्हाला ओळखता येत नसेल तर त्यांनाच विचारून घ्या आणि कशी करायची तेही विचारा. त्या सांगतात ती कृती साधी असते आणि चुकत नाही. हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला, वांगी, पावटा, गाजर. उन्हाळ्यात भाजी महाग आणि मरगळलेली; तेव्हा काकडी, दुधी, दोडका, गवारी आणि कैरी.

रंगाचा विचार करायचा असेल तर एवढाच: दोन जेवणांत मिळून एक हिरवं पान, एक लाल-केशरी आणि एक कच्चं. बीट नाहीतर गाजर किसून, शेंगदाण्याचं कूट, दही. दहा मिनिटांत होतं.

पालेभाजी निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर तीन दिवस राहते. रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी मालिका बघत मी हेच काम करते, यांनाही बसवते. लसूण सोलायचं काम थोरल्याकडे.

दुपारी, दोन जेवणांच्या मधे, एक फळ आणि मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे. पेरू, पपई, संत्रं, जांभळं, सीताफळ, जे गाड्यावर स्वस्त दिसेल ते. गूळ-शेंगदाणे खाता तर गूळ सुपारीएवढाच. आपला गूळ जगात भारी, त्याला भौगोलिक मानांकनही आहे, पण गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. "गूळ आहे, चालतो" म्हणत मी एकदा आठवड्यात पाव ढेप संपवली होती.

तांबडा-पांढरा आणि रविवार

हा प्रश्न टाळून कोल्हापुरात कुठलंच पथ्य चालत नाही. ज्यांच्या घरी रविवार जोतिबाचा, त्यांचं मटण बुधवारवर जातं, एवढाच फरक. माझी पद्धत अशी. मटणाचं जेवण दुपारचं, रात्रीचं नाही; रात्री साडेनवाला रस्सा पिऊन झोपलं की सकाळपर्यंत छातीत जळजळ. मटणाच्या दिवशी उपास लांबवू नका. सोळा तास कोरडं राहून बसलेला माणूस सहा वाट्या रस्सा पितो, हे घरातच बघितलंय.

पांढरा रस्सा मटण शिजवलेल्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, काजू-खसखस घालून होतो, म्हणजे दिसायला सौम्य आणि आतून स्निग्ध. तांबड्यावर तेलाचा तवंग. दोन्हींची एकेक वाटी, मटणाचे चार-पाच तुकडे, दोन भाकऱ्या. तवंग पळीने बाजूला काढून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी त्यातच अख्ख्या मसुराची फोडणी. ताटात जे नसतं ते म्हणजे भाजी. कांदा-लिंबावर भाजीचा हिशोब मिटत नाही. म्हणून आमच्याकडे त्या दिवशी काकडी-टोमॅटो-मुळ्याची मोठी परात मधे असते, आणि आधी ती संपवल्याशिवाय दुसरा रस्सा वाढत नाही. पहिल्या रविवारी घरात यावरून बरीच बोलणी झाली. संध्याकाळी मग नुसतं मुगाचं कढण किंवा दही-भात आणि फळ. भूक नसते, तरी वगळू नका, थोडं घ्या.

एकादशी दुप्पट खाशी

खरा गोंधळ होतो तो धार्मिक उपास आणि हा उपास एकमेकांत मिसळतात तेव्हा. सकाळी बारापर्यंत काही नाही, बाराला साबुदाण्याची खिचडी, चारला बटाट्याचा कीस, सातला पुन्हा खिचडी. साबुदाण्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काहीच नाही. प्रथिनं नाममात्र, तंतू नाममात्र. आषाढीला कोल्हापूरजवळच्या नंदवाळला चालत जाऊन आल्यावर मी असंच केलं होतं. संध्याकाळी पाय थरथरत होते.

उपासाच्या पदार्थांतही निवड आहे. राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, त्याच्यात प्रथिनं ज्वारी-तांदळापेक्षा जास्त. वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी ही जोडी सगळ्यांत समजूतदार. उकडलेली रताळी, दही आणि कूट घालून काकडीची कोशिंबीर, खजूर, केळी, दूध. ज्यांच्याकडे भेंडी-लाल भोपळा उपासाला चालतो त्यांनी तो घ्यावाच. श्रावणात, नवरात्रात हे पुन्हा पुन्हा येतं, म्हणून त्या दिवसांत मी तास चौदावरून बारावर आणते. देवीचा उपास आणि वजनाचा उपास एकाच दिवशी कडक करू नये असं सासूबाईंचं मत. "एका डगरीवर हात ठेव," म्हणतात.

लग्नं, वास्तुशांत, रंकाळ्यावरची भेळ, याला फार नियम लावू नका. पंगत उशिराची असेल तर त्या दिवशी वेळ पुढे सरकवा आणि दुसऱ्या दिवशी जेवण थोडं उशिरा सुरू करा. पंगतीत मठ्ठा, कोशिंबीर, उसळ दोनदा घ्या, जिलबी एकदा. कालचं फेडायचं म्हणून आज दिवसभर काही खायचं नाही, हे मात्र करू नका. त्यातून रात्रीचा फरसाणाचा डबा उघडतो.

गाडी अडली तर

पोट साफ होत नसेल तर पाणी आणि पालेभाजी बघा. बहुतेक वेळा दोन्ही कमी पडलेले असतात. रात्री जेवणानंतर पेरू किंवा पपई. डोकं दुखत असेल तर बरेचदा चहा अचानक तोडल्याने असतं. आठवडाभरात हळूहळू कमी करा. हातपाय थरथरले, घाम फुटला, चक्कर आली तर घड्याळाकडे बघू नका, लगेच काहीतरी गोड खा आणि डॉक्टरांना दाखवा. पाळी अनियमित झाली, केस मुठीने यायला लागले, थंडी सोसेना, तर तास कमी करून रक्त तपासून घ्या. शुद्ध शाकाहारी असाल, दूधही टाळत असाल, तर बी-१२ तपासाच.

आणि कंटाळा आला तर? कंटाळा बहुतेक चवीचा असतो. जवसाची चटणी, कारळ्याची, शेंगदाण्याची, लसणीची, ओली मिरची भाजून खर्डा. पाच बरण्या भरून ठेवा. तीच मेथी एका दिवशी परतून, एका दिवशी मूगडाळ घालून, एका दिवशी धपाट्यात. तीळ आणि जवसाची चटणी चमचाभर घेतली की तेलबियांचा गटही भरतो.

आज बुधवार. फ्रिजच्या दारावर उद्याच्या पुढे अख्खा मसूर लिहिलाय, तो भिजवायला टाकला. मंडईतून करडई आणलीय, गेल्या महिन्यात राहून गेली होती. निवडायला मालिका सुरू व्हायची वाट बघतेय. सासूबाई आतून विचारताहेत, नाचणी संपली का. संपली आहे, आणि गिरणी साताला बंद होते.